कानबाईच्या गव्हातला फोन

मी झाकण उघडून बघणारी बाई आहे. भात शिजला का, दही लागलं का, पोराचा ताप उतरला का, हात लावून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्या परभणीच्या घरात सगळेच असे. माझी आई कुंडीत पेरलेली मेथी उगवली का म्हणून माती उकरून बघायची आणि मग म्हणायची, या मेथीला काय झालंय कुणास ठाऊक.

अशा माझ्या नशिबी, लग्न होऊन सुरतला नवागामात आल्यावर, भिंतीला भिंत लागून शेजार आला तो जिजीचा. जिजीचं खरं नाव वत्सलाबाई, पण ते रेशनकार्डाच्या बाहेर कधी निघालं नसेल. नवऱ्याला लूमवर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागावर, काम लागलं म्हणून अमळनेरकडून इकडे आली आणि इथलीच झाली. नवरा गेला, मुलगा मोठा होऊन कामरेजला कारखान्यात लागला, तरी जिजी आपली गल्लीतच. बुटकी, रुंद, डोक्यावरून पदर, दातात मिसरी. दारात पाट टाकून साड्यांचे लोंबते धागे कापत बसायची आणि सगळ्या जगाशी अहिराणीत बोलायची. भाजीवाला गुजराती. तो गुजरातीत उत्तर द्यायचा, ही अहिराणीत भांडायची, आणि भाव शेवटी हिचाच ठरायचा.

पहिल्याच आठवड्यात मी तिच्या घरी गेले तर चुलीवर, म्हणजे गॅसवर, खिचडी. वास छान सुटला होता. बोलता बोलता माझा हात आपोआप झाकणाकडे गेला, आणि जिजीने तो उलथन्याने असा हाणला की मी ओरडलेच. नवी नवरी मी, डोळ्यांत पाणी आलं. जिजीला त्याचं काही नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ दे तेले." राहू दे त्याला. म्हणजे खिचडीला.

हे तिचं पालुपद. कशालाही लागू. मूल झोपलंय, ऱ्हाऊ दे तेले. सासू रुसलीय, ऱ्हाऊ दे तिले. लोणचं घातलंय, ऱ्हाऊ दे. तिचं म्हणणं असं की जगातल्या निम्म्या वस्तू आणि बहुतेक सगळी माणसं सारखं उचकून बघितल्यामुळे बिघडतात. उन्हाळ्यात आम्ही दोघी गच्चीवर बिबडे घालायचो. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, ओल्या फडक्यावर थापायचे आणि फडक्यासकट उन्हात टाकायचे. वाळला की तो आपला आपण सुटतो. मी दर थोड्या वेळाने कोपरा उचलून बघायची आणि बिबडा फाटायचा. जिजी फाटलेले सगळे ओलेकच्च बिबडे एका ताटलीत घालून माझ्यापुढे ठेवायची आणि मी ते संपवेपर्यंत समोर बसायची. पोट दुखायचं, पण पुढच्या वर्षी पुन्हा तेच. स्वभावाला काय औषध?

आता याचा अर्थ जिजी नेहमी बरोबर असायची असा कुणी घेऊ नका. पुतणीच्या लग्नाला निघाली तेव्हाची गोष्ट सांगते. सुरत स्टेशनवर सगळं खानदान, आणि ऐन वेळी गाडी दुसऱ्या फलाटावर येणार असं पुकारलं. सगळे धावत सुटले. जिजी बाकावर बसून. म्हणे, गाडी काय पळून जाते का, येईल इथंच. गाडी तिकडे आली आणि तिकडूनच गेली. नवरीच्या साड्यांची बॅग जिजीच्या मांडीवर. ती संध्याकाळच्या पॅसेंजरने पोचली तेव्हा नवरी मामीची साडी नेसून बोहल्यावर चढून उतरलीही होती. सगळे तोंड फुगवून बसलेले. जिजीने बॅग ठेवली, पाणी मागितलं आणि विचारलं, लग्न लागलं ना? मग? नंतर कितीतरी दिवस त्या घरातलं कुणी तिच्याशी धड बोलत नव्हतं आणि ते तिच्या लक्षातच आलं नाही.

अशी हट्टी बाई. पण तिच्या या हट्टानेच आमच्या गल्लीतल्या एका माणसाचा आवाज वाचला. मला तिच्याबद्दल सांगायचंय ते हेच.

समोरच्या घरात युवराज राहतो. तोही लूमवर. बायको रत्ना, मुलगी परी, आणि धाकटा भाऊ गोकुळ, तो जवळच्या सचिन गावात कपडा रंगवायच्या मिलमध्ये जातो. युवराजचा गळा मोठा गोड, आणि गप्पिष्ट तर असा की भाजी घ्यायला गेला तर भाजी विसरून यायचा. रात्रपाळी करून सकाळी आला की स्वतःच्या घरी जायच्या आधी जिजीच्या दारातून हाक द्यायचा, "जिजी, चहा शे का?" चहा आहे का? जिजी आतून "शे, शे" म्हणायची, आणि मग दोघं उंबऱ्यावर बसून बशीने चहा प्यायची. माझा सकाळचा गजर म्हणजे ती हाक.

मग त्याचा घसा बसला तो बसलाच. तंबाखू. मोठ्या दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टर म्हणाले जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, बोलणं जाईल. ऑपरेशनच्या आधी त्याचा आवाज घोगरा झाला होता, तरी होता. त्या दिवसांत तो रत्नाचा फोन घेऊन गच्चीवर बसायचा आणि बोलून ठेवायचा. परी तेव्हा पावणेतीनची. तिला झोपवताना सांगायची कोल्ह्याची गोष्ट, तिला घरी बोलवायची हाक, तिच्यावर रागवायचं ते, सगळं. मी एकदा गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर हा फोनला रागवत होता, नाकातलं बोट काढ म्हणून. मी हसले, तोही हसला, आणि खाली आल्यावर मी खूप रडले.

ऑपरेशन चांगलं झालं, हे आधी सांगते. माणूस उभा राहिला, कामावरही गेला. लूमवर एवढा खडखडाट असतो की तिथं बोलून कुणाला काही ऐकू येत नाही, सगळे हातानेच बोलतात, त्यामुळे कारखान्यात त्याचं काहीच अडलं नाही. घरात अडलं. सकाळी आला की तो आता जिजीच्या दाराची कडी वाजवायचा. जिजी तशीच आतून "शे, शे" म्हणायची. आणि परी रोज फोन कानाशी घेऊन, पप्पाची गोष्ट ऐकत गोधडीत झोपायची. तिच्या लेखी पप्पा दोन होते, एक बोलणारा आणि एक उचलून घेणारा, आणि तिला दोन्ही हवे असायचे.

गेल्या श्रावणातली गोष्ट. कानबाई जवळ आली होती. खानदेशी माणसाला कानबाई म्हणजे काय हे मी परभणीची असून सांगू शकते, कारण दरवर्षी आठ दिवस आधीपासून आमच्या गल्लीत कुणाला दुसरं काही सुचत नाही. घर पांढरं करायचं, भांडी घासायची, असेल नसेल ते कापड धुवायचं. रविवारी देवी बसते, सोमवारी वाजतगाजत तापीवर जाते. रत्नानेही त्या बुधवारी सकाळी घरातल्या सगळ्या गोधड्या उचलल्या, मोठ्या टबात साबणाच्या पाण्यात भिजत घातल्या आणि पदर खोचून वर नाचायला लागली. पायाखाली काहीतरी कडक लागलं. तिला वाटलं परीचं खेळणं. हात घालून काढलं तर फोन.

तिची किंकाळी ऐकून मी धावले. रत्ना टबातच मटकन बसलेली, फोन छातीशी, आणि अंगठ्याने बटण दाबतेय, दाबतेय. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तेवढ्यात जिजी आली, तिने रत्नाच्या हातातून फोन ओढला. रत्ना म्हणत होती, एकदा बघू तरी द्या चालू होतो का. जिजीने फोन पाठीमागे धरला. फोनमधलं जिजीला काही म्हणजे काही कळत नव्हतं, तिच्याकडे बटणांचा जुना डबा होता आणि त्यातही ती फक्त हिरवं बटण ओळखायची. पण ओल्या वस्तूला हात लावायचा नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. मीच टाचणीने सिमकार्ड काढलं, ते काढू दिलं. मग तिने सुती फडक्याने फोन टिपला, तोंड खाली करून उभा केला आणि म्हणाली, आता ऱ्हाऊ दे तेले.

पण गल्ली राहू देते थोडीच! कुणी म्हणालं पत्र्यावर उन्हात ठेवा. कुणी म्हणालं चार्जिंगला लावा, करंट गेला की पाणी उडतं. गोकुळचा तर जीव वरखाली होत होता. मिलमध्ये रंगवलेला कपडा वाळवायचं मोठं गरम मशीन असतं, त्यातून ओला तागा क्षणात कोरडा होऊन निघतो. तो म्हणे, फोन द्या, मी मशीनमधून काढून आणतो. जिजी म्हणाली, काढशील, आणि पापड घेऊन येशील.

शेवटी गोकुळने हट्टाने मोठ्या रस्त्यावरच्या एका दुकानात न्यायचं ठरवलं. फोन जिजीच्या मुठीत, म्हणून जिजीही रिक्षात, आणि मला घरी बसवेना म्हणून मीही. दुकानदाराने फोन उलटसुलट केला आणि चार्जरची वायर हातात घेतली. म्हणाला, करंट देके देख लेते हैं. वायर भोकाला टेकायच्या आत जिजीने काउंटरवरून फोन उचलला होता. "जो देखू म्हनस, तेना हातमा मी काही देत नही," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून चालायला लागली. दुकानदार माझ्याकडे बघून हसला. मी मान फिरवली, कारण मलाही देखू, म्हणजे बघू या, असंच म्हणायचं होतं.

तिचा विश्वास एकाच माणसावर. गल्लीच्या तोंडाशी टपरीएवढ्या दुकानात बसणारा दिनेश. त्याने एकदा जिजीचा मिक्सर दुरुस्त केला होता, तेव्हा आधी उघडला, पुसला, आणि मग बटण दाबलं, हे तिने लक्षात ठेवलं होतं. पण दिनेश सासुरवाडीला नंदुरबारकडे गेलेला, येणार शनिवारी. आणि मधले दिवस काढायचे कसे?

त्या संध्याकाळी परी फोन मागायला लागली. आधी मागितला, मग रडली, मग असा आकांत मांडला की गल्लीतली दारं उघडली. जिजीने तिला मांडीवर घेतलं आणि कोल्ह्याची गोष्ट सुरू केली. "एक व्हता कोल्हा." परी म्हणाली, पप्पा असं नाही सांगत. जिजीने पुन्हा सुरू केली. पुन्हा चुकली. तेव्हा युवराज पुढे आला आणि त्याने परीच्या पाठीवर दोन बोटांनी कोल्हा चालवायला सुरुवात केली. कोल्हा थांबतो तिथं बोटं थांबायची, पळतो तिथं पळायची, आणि जिजी बोटांकडे बघत बघत सांगायची. तशी ती झोपली कशीबशी. पण रत्नाचं काय? ती उठली आणि जिजीच्या घरात फडक्यावर ठेवलेल्या फोनकडे गेली. मी दारातच होते. तिचा अंगठा बटणावर टेकणार एवढ्यात जिजी मागून म्हणाली, रत्ना. फक्त रत्ना म्हणाली. रत्ना खाली बसून हुंदके द्यायला लागली. म्हणाली, मला कळतंय जिजी, पण तो आत आहे की गेला हे कळल्याशिवाय मी जगू कशी?

जिजी देवाच्या कोपऱ्याकडे वळली. मग तिने जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं आणि सुचलं असतं तरी हिंमत झाली नसती.

कानबाईचा रोट असतो, म्हणजे तिच्या नैवेद्याचा प्रसाद. त्यासाठी घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने मुठी मोजून गहू काढून ठेवतात आणि तो आदल्या दिवशी दळतात. एकदा काढला की तो देवीचा. न्हाल्याशिवाय त्याला कुणी शिवत नाही, उगीच तर कुणी बोटही लावत नाही. जिजीने तो गहू पितळी पातेल्यात काढून, वरून कोरं कापड बांधून देवाच्या कोपऱ्यात ठेवला होता. तिने कापडाची गाठ सोडली, फोन आपल्या धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि त्या गव्हात खोल खुपसून दिला. गाठ पुन्हा बांधली. रत्ना हुंदके द्यायची थांबली. साबणाच्या पाण्यातला फोन, गोधड्यांचं ते मळकं पाणी, आणि देवीच्या गव्हात? ती एवढंच म्हणू शकली की जिजी, विटाळ होईल.

"कानबाईले मी सांगसू," जिजी म्हणाली.

झालं. पुढचे दिवस त्या पातेल्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. गोकुळ यायचा, हात धुवून उगाच उभा राहायचा आणि निघून जायचा. रत्ना तर पातेल्यासमोर डोकं टेकवून जायची. मी दिवसातून चारदा काहीतरी निमित्त काढून जायची आणि ते बांधलेलं कापड बघून परत यायची. आयुष्यात इतका छळ मला कुठल्या झाकणाने केला नाही.

शुक्रवारी दुपारी मात्र मी अशीच गेले तर जिजी नुकतीच न्हाऊन, ओले केस मोकळे सोडून पातेल्याशी बसली होती. गाठ सुटलेली. तिचा हात मनगटापर्यंत गव्हात होता आणि डोळे मिटलेले. मी दारातच थांबले. जरा वेळाने तिने हात काढला. रिकामाच काढला. गाठ मारताना तिला मी दिसले. म्हणाली, गहू मऊ पडला का बघत होते. मी म्हटलं, बरं. त्या दिवशी मला ती फार आवडली.

शनिवारी दिनेशने गाडीतून उतरून घरी पिशवी ठेवली नसेल, तोवर आम्ही सगळे त्याच्या दुकानापुढे. युवराजने त्या दिवशी खाडा केला होता. दिनेशने फोन उघडला. आत साबणाची पांढरी खपली धरली होती. त्याने ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून एकेक कोपरा घासला, बॅटरी काढून दुसरी घातली, आणि चार्जिंगच्या भोकातून सुईने गव्हाचा कोंडा काढताना चांगलाच वैतागला. गव्हात ठेवून पाणी ओढलं जात नाही, उलट कचरा जातो, हे कुणाचं डोकं, म्हणाला. बरं एवढंच, की मधल्या दिवसांत कुणी चालू करून बघितला नाही, चार्जिंगला लावला नाही, नाहीतर आतलं सगळं जळून गेलं असतं.

जिजी पदराने घाम पुसत होती. म्हणाली, "तो गहू फोनकरता नव्हता रे भाऊ. ह्या लोकेसना हातकरता व्हता."

मग दिनेशने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबून धरलं. काळ्या काचेवर उजेड आला. रत्नाने माझा दंड धरला होता, त्यावर तिची नखं उमटली ती दुसऱ्या दिवसापर्यंत होती. फोन उघडला, आणि तिने पहिलं सापडलं ते लावलं. "परी, नाकमाईन बोट काढ." त्या घोगऱ्या, रागवल्याचं नाटक करणाऱ्या आवाजाने आम्ही सगळे एकदम हसलो आणि सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. परीने खरंच बोट काढलं. युवराज दुकानाच्या पायरीवर बसला, त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलत राहिले. मला इतकं हलकं वाटत होतं की मी त्या वैतागलेल्या दिनेशच्या पाया पडायची तेवढी राहिले.

जिजीला रडायला वेळ नव्हता. तिने दिनेशला विचारलं, हे ह्यातनं दुसरीकडं उतरतं का? उतरतं म्हटल्यावर तिने एकेकाला पुढे ढकललं. युवराजच्या फोनमध्ये, गोकुळच्या फोनमध्ये, माझ्या फोनमध्ये, माझ्या नवऱ्याच्या, कोपऱ्यावरच्या गुजराती किराणावाल्याच्या, दिनेशच्या स्वतःच्यासुद्धा. रोट भाऊबंदांच्या बाहेर देत नाहीत, पण युवराजचा आवाज त्या दिवशी जिजीने सगळ्या गल्लीत वाटला. मग घरी जाऊन त्याच गव्हाचा रोट दळायला दिला. रविवारी कानबाई बसली तेव्हा जिजी देवीपुढे बराच वेळ पुटपुटत होती, तेव्हा तिने सांगितलंच असणार. सोमवारी तापीवर युवराज सगळ्यांत पुढे नाचत होता.

जिजी गेली ती दिवाळीनंतर. मुलाने कामरेजला घर घेतलं आणि तिला एकटीला इथं ठेवायला तो तयार होईना. कामरेज काही लांब नाही, पण रोजची भिंत वेगळी आणि जाऊन भेटायचं गाव वेगळं. सकाळी टेम्पो भरला. पाट, पितळी पातेलं, गॅस, सगळं दोरीने बांधलं. जिजी ड्रायव्हरशेजारी बसली. बायका रडत होत्या, तिचं आपलं चाललं होतं, रडता काय, कामरेजले गाड्या जात नाहीत का. मी खिडकीशी उभी होते.

युवराज रात्रपाळी करून तेव्हाच आला. अंगावर कापसाची तूस. दाराची कडी वाजवायला गेला तर दाराला कुलूप. तो टेम्पोपाशी आला, खिशातून फोन काढला, बराच वेळ खाली खाली सरकवत राहिला आणि मग फोन खिडकीत धरला.

"जिजी, चहा शे का?"

हे त्याने बोलून ठेवलं होतं, ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या फोनमध्येही ते आलं होतं, पण मी कधी इतकं खाली जाऊन ऐकलंच नव्हतं. जिजीला तर नव्हतंच ठाऊक. साबणाच्या पाण्यातून, गव्हातून तिने जे राखलं होतं त्यात तिचंही एक होतं. ती फोनकडे बघत राहिली. ओठ हलले, शब्द फुटेना. त्या दोघांत बोलता न येणारं माणूस त्या क्षणाला तीच होती.

मग तिने टेम्पोचं दार उघडलं, खाली उतरली आणि पदर सावरत सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरली. तिचा गॅस टेम्पोत होता ना. माझं पातेलं घेतलं, पाणी ठेवलं, आलं ठेचलं, वर झाकण ठेवलं. मी शेजारी उभी, हात मागे बांधून. चहा झाल्यावर ती दोघं माझ्या उंबऱ्यावर बसली. तिने बशीत ओतला, त्याने बशी उचलली.

बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. वाजवत होता, वाजवत होता. मी आपली कासावीस होऊन एकदा टेम्पोकडे, एकदा जिजीकडे बघत होते.

जिजीने मान वर केली नाही. बशी तोंडाला लावता लावता म्हणाली, "ऱ्हाऊ दे तेले."